वळवलेला कॉल, मूळ नंबर

जुन्या दवाखान्याला लँडलाईनचा नंबर सोडवत नाही, आणि त्याने तो सोडूही नये. तो पाटीवर असतो, केसपेपरवर असतो, लसीकरणाच्या कार्डावर असतो आणि गावातल्या आज्यांना तोंडपाठ असतो. डॉक्टर मात्र आता इंटरनेटवरची फोन सेवा घेतात. कॉल एकाच वेळी रिसेप्शनला, घरी आणि मोबाइलमधल्या ॲपवर वाजतो, उचलला नाही तरी त्याची नोंद राहते. मग लँडलाईनवर येणारे कॉल त्या सेवेच्या नंबरावर डायव्हर्ट करायचे. टेलिफोनच्या कामात माझ्याकडे हल्ली याचीच विचारणा जास्त असते. हे काम घेताना माझी एकच अट असते: फोन करणाऱ्याचा मूळ नंबर शेवटच्या हँडसेटवर दिसलाच पाहिजे.

*

मुलांच्या एका दवाखान्यात जोडणी आधीच झालेली होती. रिसेप्शनवरच्या ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. रात्री ११.४० चा मिस्ड कॉल, ११.४२ ला पुन्हा, ११.४७ ला पुन्हा. तिन्हींसमोर एकच नंबर, आणि तो दवाखान्याचाच. कुणाचं तरी लेकरू तापाने फणफणलं असणार. ताई एवढंच म्हणाल्या, "दादा, आता यांना परत फोन कसा लावायचा?" सेवा देणाऱ्या कंपनीच्या लेखी जोडणी उत्तम होती, कारण कॉल पोहोचत होता.

*

घर बदललं की पोस्टमन पाकिटावर नवा पत्ता लिहितो, पाठवणाऱ्याच्या नावाला हात लावत नाही. कॉल वळवण्याचाही नियम मुळात हाच आहे. एक्स्चेंजांमधल्या संदेशात तीन नंबरांना वेगवेगळी जागा दिलेली असते: फोन कुणी केला, आधी कुठे लावला आणि वळवला कुणी. इंटरनेट टेलिफोनीचा जो मुख्य प्रोटोकॉल, सिप, त्यातही तशाच ओळी आहेत. फोन करणारा 'फ्रॉम'मध्ये आणि 'पी-ॲसर्टेड-आयडेंटिटी'मध्ये, वळवणारा 'डायव्हर्जन'मध्ये. म्हणजे सोय नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. सोय आहे. मधलं कुणीतरी ती पुढे पाठवत नाही.

*

नंबर हरवतो तो बहुतेक वेळा एका सांध्यावर. काही सेवा आलेला कॉल पुढे वळवत नाहीत. त्या आपल्याकडून नवा कॉल लावतात आणि दोन्ही जोडून देतात. नवा कॉल ज्याच्या खात्यातून निघाला त्याचा नंबर दिसतो. बिलाच्या दृष्टीने हे त्यांना सोयीचं पडतं, कारण वळवलेल्या टप्प्याचे पैसे वळवणाऱ्याच्या नावावर लागतात. पण बिल कुणाच्या नावावर आणि ओळख कुणाची, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते एकत्र करण्याचं कारण नाही.

*

दुसरा रस्ता: एक्स्चेंजमधून काहीच वळवायचं नाही. भिंतीवरच्या रोझेटमधून आलेली तार थेट एफएक्सओ पोर्ट (बाहेरची फोन लाईन घेणारं तोंड) असलेल्या डब्यात घालायची, आणि डब्याने कॉल आपल्याच कार्यालयाच्या इंटरनेट एक्स्चेंजवर द्यायचा. ग्रँडस्ट्रीमचा एचटी८१३ असाच डबा आहे, एक बाजू लाईनला, एक बाजू साध्या फोनला, आणि मागे नेटवर्कची तार.

इथे नंबर वाचण्याची वेळ महत्त्वाची. अमेरिकी पद्धतीत तो पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधल्या शांततेत, मॉडेमसारख्या चिरक्या आवाजात येतो. आपल्याकडच्या बऱ्याच एक्स्चेंजांतून तो पहिल्या घंटीच्याही आधी, बटणांच्या टोनमध्ये येतो. डबा चुकीच्या पद्धतीवर लावला तर तो घंटी ऐकतो, नंबर ऐकत नाही. आणि 'लगेच उचल' असं लावलं, तर नंबर पोहोचायच्या आत लाईन उचलली जाते. म्हणून आधी कॉलर आयडीची पद्धत बदलून पाहावी आणि दोन घंट्यांनंतर उचलायला लावावं. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

हे सगळं आपल्याच कार्यालयापुरतं. सार्वजनिक लाईनवरचा कॉल विनापरवाना इंटरनेटवर चढवायचा आणि दुसऱ्या शहरात किंवा देशात उतरवून शुल्क चुकवायचं, हा गुन्हा आहे. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

*

डब्याची एक मोठी उणीव आहे: तार तुटली की सगळं बंद. रस्ता खोदला, पावसात तारांच्या पेटीत (डीपीत) पाणी शिरलं, कॉल संपले. एक्स्चेंजमधून वळवलेला कॉल मात्र घरापर्यंतच्या तारेवर येतच नाही. तार आठवडाभर मेलेली असली तरी वळवणं चालू राहतं. ज्या दवाखान्याला रात्रीचे कॉल येतात, त्याला मी एक्स्चेंजमधूनच वळवायला सांगतो, आणि नंबरासाठी सेवा देणाऱ्याशी भांडायला सांगतो.

*

आता खरी अडचण. प्रामाणिकपणे वळवलेला कॉल आणि खोट्या नंबराचा कॉल हे तारेवर सारखेच दिसतात. दोन्हींत कॉल पाठवणारा एक आणि दाखवलेला नंबर दुसऱ्याचा. म्हणून सेवा देणाऱ्या कंपन्या दुसऱ्याचा नंबर पुढे न्यायला कचरतात, आणि त्यांची भीती पोकळ नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दूरसंचार ओळख बिघडवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांतच तिने असे १.३५ कोटी कॉल अडवले. ज्यांच्या स्वस्त सेवेचा सर्व्हर परदेशात आहे आणि कॉल तिथून फिरून परत भारतात येतो, त्यांनी मूळ भारतीय नंबर टिकण्याची आशाच धरू नये.

डायव्हर्टचाही गैरवापर झालेलाच आहे. *४०१* लावून पुढे अमुक नंबर दाबा, असं सांगून ठकसेन लोकांचे कॉल स्वतःकडे वळवून घेत आणि फोनवर सांगितला जाणारा ओटीपी ऐकत. १५ एप्रिल २०२४ पासून मोबाइलवरची ती सोय बंद ठेवायला सांगण्यात आलं, ते यामुळेच.

यावर उपाय ओळख पुसण्याचा नाही, वळवणाऱ्याने आपलं नाव उघड लिहिण्याचा आहे. 'हा नंबर मूळ माणसाचा, आणि वळवला मी', एवढं कॉलसोबत गेलं की लबाड आणि सरळ वेगळे काढता येतात.

*

अमेरिकेत याचं नीट गणित मांडलं गेलं. ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना इंटरनेट जाळ्यावरच्या कॉलवर नंबराच्या खरेपणाची डिजिटल सही करावी लागते. त्यात एक प्रश्न होता: वळवलेल्या कॉलचं काय? सही पहिल्या नंबरासाठी केलेली, कॉल पोहोचतो दुसऱ्याच नंबरावर. म्हणून वळवणाऱ्याने मूळ सहीला आपली जोडसही लावावी, असं मानक त्याच वर्षी आलं.

तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. घरची लँडलाईन *७२ ने गूगल व्हॉइसवर वळवता येते, पण तो नंबरच गूगल व्हॉइसवर न्यायचा तर थेट नेता येत नाही. आधी तो एखाद्या मोबाइल कंपनीकडे पोर्ट करावा लागतो, मग तिथून. पोर्ट झाला की वळवण्याची गरजच उरत नाही.

*

शून्याचा घोळ आपल्याकडचा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाइल लावताना आधी ० लावावा लागतो. इंटरनेट सेवेच्या पडद्यावर तोच मोबाइल कधी +९१ लावून येतो, कधी नुसता दहा आकडी. रिसेप्शनवरून लँडलाईनने 'रीडायल' केलं की लागत नाही, आणि समजूत होते की नंबर चुकीचा आहे. नंबर बरोबर असतो. इंटरनेट एक्स्चेंजमध्ये बाहेर जाणाऱ्या कॉलचा नियम एकदा नीट लिहून घ्यावा.

*

फायबरवर गेलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यांची 'लँडलाईन' आता बहुधा इंटरनेट टेलिफोनीच आहे. भिंतीवरच्या ओएनटी डब्यातला फोनचा पोर्ट आतून सहसा सिपच बोलतो. तांब्याची तार नाही म्हटल्यावर दोन टोकं जोडण्यात तांत्रिक अडसर जवळजवळ उरत नाही. नंबर दिसत नसेल तर तो बहुतेक वेळा कुणीतरी न केलेल्या सेटिंगचा प्रश्न असतो. अशा ठिकाणी मी ग्राहकाला लेखी तक्रार द्यायला लावतो. तोंडी तक्रारीला 'असंच असतं' हे उत्तर ठरलेलं आहे.

*

दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉल करणाऱ्याचं नावही दिसावं अशी शिफारस केली. चांगलं आहे. पण नाव काढलं जाणार ते नंबरावरून. वाटेत नंबरच दवाखान्याचा झाला, तर फोन करणाऱ्या आईच्या नावाऐवजी दवाखान्याचंच नाव दिसेल.

*

पैसे भरण्याआधी तपासणी स्वतः करावी, तीन फोन पुरतात. एका मोबाइलवरून लँडलाईन लावा, आणि ॲपमध्ये कोणता नंबर येतो ते पाहा. मग दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवरून, मग एखाद्या दूरच्या लँडलाईनवरून. एका कंपनीचा नंबर दिसतो आणि दुसरीचा नाही, असं नेहमी होतं. न उचललेला कॉलही पाहा, कारण नोंदीत काय उरतं ते तिथेच कळतं.

*

एवढी खटपट करावी लागते, कारण आपल्याकडे लँडलाईनचा नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाही. मोबाइलला ती मुभा २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर मिळाली. लँडलाईनवाला अजून जुन्या लाईनचं भाडं भरतो, वर वळवण्याचे पैसे भरतो, आणि तरी फोन कुणाचा आला हे कळण्याची हमी त्याला नाही. दवाखाने, वाचनालयं, शाळा, पतसंस्था यांचे वर्षानुवर्षांचे नंबर त्यांच्यासोबत इंटरनेट सेवेवर नेता आले पाहिजेत. ट्राय नियमांच्या मसुद्यांवर लोकांची मतं मागवते. पुढच्या वेळी मागवेल तेव्हा ही मागणी आपल्यापैकी प्रत्येकाने लिहून पाठवावी.