लंगोटाचं वजन

लेक पहिल्या बाळंतपणाला ओतूरला माहेरी आली होती. बाळ जन्मलं, पण रडलं नाही. मास्कने श्वास दिल्यावर बारीक रडू फुटलं. मग १०८ची गाडी बोलावली आणि नारायणगावमार्गे पुणं गाठलं.

दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. आपल्याकडे टोपरं-दुपटं घालून ऊब द्यायची रीत. इथं मेंदू वाचावा म्हणून तीन दिवस त्याचं अंग मुद्दाम ३३-३४ अंशांवर गार ठेवलेलं. मला ते बघवत नव्हतं. आम्ही सगळे मेंदूचंच विचारत होतो. सिस्टर मात्र प्रत्येक ओला लंगोट काट्यावर ठेवून वजन लिहीत होत्या. कोरड्याचं वजन वजा केलं की उरलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. पावणेतीन किलोच्या आमच्या बाळाला तासाला निदान तीनेक मिलिलिटर व्हायला हवी होती. होत होती त्याच्या निम्मीच.

डॉक्टरांनी समजावलं, प्राणवायू कमी पडला की शरीर रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं, किडनीला कमी मिळतं. मला लगेच पटलं. पिंपळगाव जोगाच्या कालव्याला आवर्तन कमी सुटलं की टेलची शेतं कोरडी राहतात, ते आम्ही भोगलेलं आहे.

पहिल्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, ०.९ आलं. जावई घाबरले. डॉक्टर म्हणाले, "हा आकडा बाळाचा कमी, आईचाच जास्त. एका आकड्यावर काही ठरत नाही, तो चढतो की उतरतो ते बघायचं." धडधाकट बाळाचा आठवड्याभरात उतरतो. दोन दिवसांत ०.३ने चढला तर किडनीला इजा झाली असं धरतात. आमचा १.३वर गेला. सलाईन मोजून, कमी केलं. किडनीला जड जाणारी औषधं टाळली. बाळाला पाणी नको का, असं माझ्या मनात सारखं यायचं. पण बाहेर पडत नसलेलं पाणी अंगातच साठून सूज येते, हे तिथं कळलं.

मग लंगोट जड व्हायला लागले. आकडाही उतरला.

नात आता अंगणभर धावते. तरी तिची लघवी आणि रक्तदाब आम्ही तपासून घेतो. जन्मतः न रडलेलं बाळ तुमच्या घरी असेल, तर मेंदूबरोबर किडनीची तपासणी पुन्हा कधी करायची, हे डॉक्टरांना विचारा आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा.