सोडतानाची अट आधी वाच

चि. भाचीस,

दोन्ही ऑफर लेटर वाचली. पुण्याचे सहा लाख साठ हजार की हजिऱ्याचे पाच लाख दहा, यावर कामरेजच्या घरात दोन तट पडलेत, हे ताईने फोनवर सांगितलंच. पप्पांना तू घरी राहायला हवी आहेस, म्हणून त्यांचं मत हजिऱ्याला. ते कारण तू हिशेबात धरू नकोस. खानदेशातून भुसावळ-सुरत गाडीने येऊन उधन्याला उतरलेल्या त्यांच्या पिढीला निवडायला काही नव्हतं. जो लूम मिळाला त्यावर उभं राहायचं. तुझ्यापुढे दोन कागद आहेत, तर ते नीट वाचूया.

1772 मध्ये जोसेफ प्रीस्टली अशाच पेचात होते. लीड्समध्ये ते धर्मोपदेशक होते, आणि लॉर्ड शेल्बर्नकडून ग्रंथपाल म्हणून बोलावणं आलेलं. बेंजामिन फ्रँकलिनने त्यांना पत्रातून रीत कळवली: कागदावर मधोमध रेघ मारा, एकीकडे जमेच्या बाजू, दुसरीकडे विरोधातल्या, तीन-चार दिवस सुचेल तसं लिहा, मग सारख्या वजनाच्या खोडून टाका. निर्णय काय घ्यावा, हे मात्र सांगितलं नाही. प्रीस्टली गेले. पगार वर्षाला 250 पौंड, शिवाय घर. त्याच नोकरीत असताना 1774 मध्ये त्यांनी ऑक्सिजन वेगळा केला, ते केमिकलवालीला मी काय सांगायचं! मला भावतं ते त्यांच्या बोलीतलं दुसरं कलम: फारकत झाली तर आजन्म वर्षासन. 1780 मध्ये फारकत झाली आणि वर्षाला 150 पौंड त्यांना मिळत राहिले.

पुण्याच्या पत्रात नेमकं उलट आहे. साठ हजार जॉइनिंग बोनस, वर्षाच्या आत सोडलंस तर परत. साठ हजार व्हेरिएबल, ते कंपनीच्या मर्जीवर. उरले पाच लाख चाळीस. त्यातच कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी सहसा पाच वर्षं भरल्यावर हाती येते, म्हणजे आज तो नुसता आकडा. पुण्यातलं खोलीभाडं वेगळंच. वर दोन वर्षांचा बाँड आणि नव्वद दिवसांची नोटीस. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं मैत्रिणी म्हणतील, त्यावर विसंबू नकोस. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांची, दोन लाखांची अट वैध ठरवली आहे.

हजिऱ्याचा कागदही निर्मळ नाही. वर्षभर ट्रेनी, आणि पुढे कायम करणार की नाही यावर अक्षर नाही. कामरेज सुरतच्या एका टोकाला, हजिरा दुसऱ्या. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस कामरेज चार रस्त्यापर्यंत सोडते का, हे विचार. पण तिथे बाँड नाही आणि नोटीस तीस दिवसांची. पहिल्या नोकरीत काम न पटण्याची शक्यता मोठी असते, म्हणून आज विचारशील तर माझं झुकतं माप हजिऱ्याला. पुण्याने बाँड काढला तर मात्र पुणं. काम तिथलं जास्त शिकवणारं दिसतं.

तेव्हा दोन्ही कंपन्यांना मेल करून विचार: पुणं बाँड काढेल का, आणि हजिरा वर्षानंतर कायम करेल का. फोनवर ‘हो, बघू’ म्हणाले तर ते उत्तर समजू नकोस. मसुदा आधी मला पाठव. आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत पप्पांना पेढे आणू देऊ नकोस.

तुझा मामा