बंपरचा पंचनामा

गाडीचं इंजिन किती स्मूथ आहे, सर्व्हिसिंग वेळेवर झालंय का, हे तुम्हाला कुणी विचारणार नाही. पण बंपरला चीर दिसू द्या, की सोसायटीतला प्रत्येक जण डिटेक्टिव्ह! आणि गाडी एखाद्या बाईची असेल तर मग बोलायलाच नको. चौकशीच्या आधीच निकाल तयार.

आमची सिल्व्हर हॅचबॅक आईची आहे. बँकेतून रिटायर झाल्यावर ती हौसेनं ड्रायव्हिंग शिकली. मंडई, भिशी, नाटक… तीन वर्षं सगळीकडे स्वतः चालवत जायची. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं. चिठ्ठी नाही, फोन नाही. डाव्या कोपऱ्यात वीतभर चीर, तुटलेल्या क्लिपा आणि ओघळलेला बंपर. मग सुरू झालं. ‘काकू, खांबाला घेतलीत वाटतं?’ ‘या वयात कशाला हा खटाटोप?’ आई आधी समजावून सांगायची, मग नुसती हसायची. एक दिवस किल्ली फ्रिजवरच्या टोपलीत टाकून म्हणाली, ‘विकून टाक रे. रिक्षाच बरी.’

मला धसका बसला तो त्या वाक्याचा.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, ‘सर, नवीनच टाका.’ रंगासकट साडेअकरा हजार! मग इन्शुरन्सचा हिशेब मांडला. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, वर आपल्या खिशातून भरायचे ठरावीक पैसे वेगळे. शिवाय सलग तीन वर्षं क्लेम न घेतल्यानं मिळालेला ३५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस एका फटक्यात शून्य. तुमची ‘झीरो डेप’ पॉलिसी असेल तर घसारा वाचतो, पण बोनस सहसा जातोच. छोट्या कामासाठी क्लेम करण्याआधी कॅल्क्युलेटर हातात घ्या, एवढंच सांगतो.

शेवटी ऑफिसातल्या मित्रानं एका गल्लीतल्या गॅरेजचा पत्ता दिला. तिथल्या पेंटरमामांनी आधी बंपर उतरवला, उलटा केला आणि आतला शिक्का दाखवला: पीपी, ईपीडीएम. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि त्यात मिसळलेलं रबर. ‘हे तापवलं की मऊ होतं, म्हणून जोडता येतं,’ मामा म्हणाले. पद्मिनीच्या काळात बंपर क्रोमचे, चकचकीत आणि लोखंडी असायचे. फ्रान्समध्ये १९७२ साली रेनॉ ५ प्लास्टिकचे बंपर घेऊन आली. आणि मुंबईतून पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता पत्र्याला ठोकून सरळ करण्याइतकंच प्लास्टिक सांधणं हे गॅरेजचं रोजचं काम.

मग मामांनी ओरखड्यावर बोट ठेवलं. ‘हे बघा, लाल रंग. खांबाला घासली असती तर चुना, सिमेंट लागलं असतं. ही दुसरी गाडी आहे.’ मी मोबाइलवर झटकन फोटो काढला. गाडी कुणाची, हे बंपर सांगत नाही. पण खांब तरी निर्दोष सुटला!

पुढचं काम मी शनिवारभर स्टुलावर बसून पाहिलं. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. आतून खाच करून, त्यात जाळी बसवून, भंगारातल्या तशाच बंपरची पट्टी वितळवून सांधा भरला. बाहेरून लवचिक लांबी. साधी लांबी इथे चालत नाही, बंपर जरा वाकला की तडकते. मग १८०, ३२०, ६०० नंबरचे पॉलिश पेपर. आणि त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं, प्लास्टिक प्रायमर. पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरत नाही. हा थर वाचवला, तर काही महिन्यांत पापुद्रे निघालेच समजा. म्हणून भाव करण्याआधी ‘प्रायमर कुठला मारता?’ असं विचारायचं.

रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, पण उन्हात जुनी झालेली सिल्व्हर काही कोडप्रमाणे राहत नाही. मामांनी कार्डावर नमुना मारून उन्हात फेंडरला लावून पाहिला, दोनदा शेड बदलली. बेसचे तीन हात, प्रत्येक हातानंतर थोडी उसंत, मग वरून क्लिअर कोट. बिल तीन हजार आठशे.

गाडी आणायला मी मुद्दाम आईला घेऊन गेलो. तिनं आधी फोटोतला लाल रंग बघितला. बराच वेळ. मग नव्या रंगावरून बोट फिरवलं. ‘काकू, महिनाभर वॅक्स लावू नका,’ मामा म्हणाले आणि किल्ली माझ्याऐवजी तिच्या हातात दिली. ती काही बोलली नाही. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला आणि मला म्हणाली, ‘बस की.’

तिरप्या उन्हात बारकाईनं पाहिलं तर शेडमधला फरक अजून कळतो. कळू दे. पुढच्या रविवारी ती मावशीला घेऊन वाईला गेली. परत आली तेव्हा बंपरभर चिखल. मी कापड घेऊन धावलो, तर म्हणाली, ‘राहू दे रे. हा माझ्या हातानं लागलाय.’