डोळ्यानं मापलेला बांध



वाटणी झाल्यापासून आम्हा दोघा भावांत एकच भांडण. थोरले दादा म्हणायचे, "तुझा बांध लांब, माझा आखूड." माळावरून बघितलं की मलाबी तसंच दिसायचं, पण मी गप्प बसायचो. दोन वर्षं पोळ्याला एकमेकांच्या दारात गेलो नाही.

औंदा पेरणीआधी दोघांनी मिळून टेप धरला. दोन्ही बांध २६४ फूट, म्हणजे ३३ फुटी साखळीच्या बरोबर आठ साखळ्या!

मग फरक दिसायचा कशानं? माझ्या बांधाच्या दोन्ही टोकांचे धुरे बाहेर फाकलेत, दादांचे आत वळलेत. कागदावर १० सेंमीच्या दोन रेघा मारा. एकीच्या टोकांना बाहेर फाकणारे फाटे काढा, दुसरीला बाणाची टोकं. फाट्यांची रेघ लांब दिसते. जर्मनीच्या म्युलर-लायर यांनी १८८९ साली ही आकृती मांडली.

दुसरी फसगत उभ्या रेघेची. तेवढ्याच आडव्या रेघेपेक्षा ती लांब भासते. उभी बाभूळ केवढी दिसते, अन् तोडून आडवी पडली की वाटतं, एवढीच होती व्हय?

या फसगती सगळ्यांना सारख्या होत नाहीत. रिव्हर्स या इंग्रज संशोधकानं निलगिरीच्या तोडा लोकांत तपासून १९०५ साली लिहिलं: इंग्रजांपेक्षा त्यांना बाणाची आकृती कमी फसवते, उभी रेघ जास्त.

तुम्हाला कोणती जास्त फसवते, करून बघा. पण बांधाचा वाद असला तर आधी टेप धरा.

औंदा पोळ्याला दादांची बैलजोडी आमच्या दारात येणार हाय.