उघड्या दारांची मैफल

उन्हाळ्यातलं गाणं वेगळं ऐकू येतं, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे. थंडीत आपण अंग आक्रसून, शाल लपेटून ऐकायला बसतो. दारं लावलेली असतात, पडदे ओढलेले असतात आणि गाणं आपल्यापुरतं आत कोंडून घेतलेलं असतं. उन्हाळ्यात अंग सैल पडतं, दारं सताड उघडी राहतात आणि गाण्याला बाहेरची हवा लागते. ही हवा वाद्यांना माणसांच्या आधी कळते. वैशाखाच्या कोरड्या झळांनी तबल्याची पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो. वळवाची एक सर पडून गेली की तोच तबला उतरतो, आणि तबलजी हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसतो. ऐकणारे तोवर पंख्याने वारा घेतात, शेजारच्याची विचारपूस करतात. या ठोकाठोकीचा कुणाला कंटाळा आलेला मी पाहिला नाही. गाणं ऋतूत घडतं हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

हे ठाऊकपण मला परक्या मुलुखात, एका लाकडी सभागृहात पुन्हा भेटलं. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर कॅट्सकिलचे डोंगर लागतात. त्यांच्या पायथ्याशी वुडस्टॉक नावाचं गाव आहे. नाव घेतलं की जगाला १९६९ चा तो प्रचंड महोत्सव आठवतो. चार लाखांवर माणसांचा तो मेळा प्रत्यक्षात भरला होता इथून ७० किलोमीटरच्या आसपास असलेल्या बेथेलमध्ये, एका गवळ्याच्या शेतावर. वुडस्टॉकची स्वतःची संगीतसभा त्याहून फार जुनी आणि फार लहान आहे. गावाबाहेरच्या रानात 'मॅव्हरिक' नावाचं एक सभागृह आहे. तिथे १९१६ पासून दर उन्हाळ्यात मैफली होतात. अमेरिकेतली अखंड चालत आलेली सर्वांत जुनी उन्हाळी चेंबर संगीताची मालिका म्हणून ती ओळखली जाते.

ती उभी केली हर्वी व्हाइट नावाच्या माणसाने. १८६६ साली आयोवात जन्मलेला हा लेखक हार्वर्डमध्ये शिकला, शिकागोच्या हल हाउसमध्ये गोरगरिबांच्या वस्तीत राहून काम करून आला आणि शेवटी या डोंगरांत स्थिरावला. आधी तो राल्फ व्हाइटहेड या धनिकाच्या बर्डक्लिफ या कलावसाहतीत होता. एकट्या धन्याच्या मर्जीवर चालणारी वसाहत त्याला मानवली नाही. त्याने जवळच शंभरेक एकरांचं एक शेत घेतलं, त्यावर साध्या खोपट्या उभ्या केल्या आणि लेखक, चित्रकार, वादक यांना नाममात्र भाड्यात तिथे राहायला बोलावलं. वसाहतीला पाण्याची विहीर हवी होती आणि गाठीला पैसा नव्हता. म्हणून १९१५ च्या ऑगस्टमध्ये, दगडाच्या जुन्या खाणीत, सोंगंढोंगं, नाच आणि गाण्याचा एक उत्सव केला. तिकिटं लावली. विहिरीच्या पाण्यासाठी भरवलेली जत्रा, असा या संगीतसभेचा उगम आहे, आणि मला तो फार भावतो. तहान आणि सूर यांची सोय तिथे एकाच खटाटोपातून झाली.

पुढच्याच वर्षी सभागृह बांधलं. शेजारीपाजारी आणि वसाहतीतली माणसं यांनीच ते हातांनी उभं केलं. ओबडधोबड खांब, रंगरंगोटी न केलेल्या फळ्या, वर उतरतं छप्पर, आणि दर्शनी त्रिकोणी भिंतीत लहान लहान काचांच्या खिडक्या. लांबून पाहिलं तर एखाद्या मोठ्या गोठ्यासारखं दिसतं. हिवाळ्यात ते बंद असतं. उन्हाळा आला की रानाकडची दारं उघडतात. आत न मावणारे लोक बाहेर झाडांखालच्या बाकांवर बसून ऐकतात.

इथे वाजवायला आलेली माणसं मात्र लहान नव्हती. त्या काळी न्यूयॉर्कच्या मोठ्या वाद्यवृंदांचा हंगाम उन्हाळ्यात बंद असे. हंगाम नसला की पगार नाही, आणि शहरातला उकाडा वेगळाच. व्हाइटच्या खोपट्या अशा वेळी वादकांच्या कामी आल्या. डोंगरातली गार रात्र, फुटकळ भाडं आणि रविवारी दुपारी शेजारच्यांसाठी वाजवायचं. जॉर्ज बारेर हा फ्रेंच बासरीवादक त्यांच्यापैकी एक. १८९४ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये देब्युसीच्या 'फॉनच्या दुपारी'चं पहिलं वादन झालं तेव्हा सुरुवातीची ती एकट्या बासरीची ओळ याच बारेरने वाजवली होती. पाश्चात्त्य संगीताचं एक नवं पर्व ज्या फुंकरीने सुरू झालं असं जाणकार मानतात, तीच फुंकर पुढे या फळ्यांच्या भिंतींत घुमली. समोर गावातले शेतकरी, चित्रकार, सुतार आणि सुट्टीवर आलेली पोरंबाळं बसलेली असत.

सभागृहात शिरलं की नजर जाते ती घोड्याकडे. जॉन फ्लॅनगन नावाच्या तरुण शिल्पकाराने १९२४ साली चेस्टनटच्या एका अख्ख्या खोडातून, मुख्यतः कुऱ्हाडीने, ही मूर्ती तासली. जमिनीतून एक माणूस वर येतो आहे आणि त्याच्या उंचावलेल्या हातांतून घोडा. उंची पाच मीटरच्या वर. कोलोरॅडोच्या रानात मोकळा फिरणाऱ्या एका पांढऱ्या घोड्याची गोष्ट व्हाइटने तरुणपणी ऐकली होती आणि ती त्याच्या मनात घर करून राहिली होती. वर्षानुवर्षं ही मूर्ती बाहेर ऊनपावसात उभी होती. आता ती रंगमंचावर असते आणि प्रत्येक मैफलीला हजर राहते. जवळ जाऊन पाहिलं तर कुऱ्हाडीचे घाव अजून मोजता येतात. काही खोल, काही नुसते खरवडल्यासारखे. हात कुठे थांबला, कुठे जोर लागला, ते लाकडाने जसंच्या तसं ठेवलं आहे. घासूनपुसून गुळगुळीत करण्याची घाई कुणी केली नाही.

मी तिथे ऐकलं ते हायडनचं, दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्या चौकडीतलं. जुलैची दमट दुपार होती. अशा हवेत लाकूड फुगतं आणि वाद्याची खुंटी घट्ट बसते. चेलोवाल्या बाई दोन भागांच्या मधल्या वेळेत खुंटीशी झटत होत्या. तळहात रुमालाला पुसायच्या, खुंटी किंचित दाबून फिरवायची, तार अंगठ्याने छेडून कान जवळ न्यायचा, पुन्हा रुमाल. बाकीचे तिघं गज खाली घेऊन थांबले होते. कुणाच्या चेहऱ्यावर त्रासिकपणा नव्हता. सूर जुळला तसं त्यांनी मान हलवली आणि संथ भाग सुरू झाला.

तेवढ्यात बाहेर कस्तुराच्या कुळातला एक पक्षी बोलू लागला. तिथले लोक त्याला 'वुड थ्रश' म्हणतात. या पक्ष्यांच्या स्वरयंत्राला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर निघू शकतात. त्यामुळे त्याच्या गाण्याच्या शेवटच्या झंकारात एकटा पक्षी स्वतःशीच मिळवून घेतल्यासारखा वाटतो. आपल्या सह्याद्रीतला शीळकरी कस्तुर त्याच्याच दूरच्या भाऊबंदांपैकी. पावसाळ्यात पहाटे ओढ्याकाठी त्याची शीळ ज्याने ऐकली आहे, त्याला हे नातं लगेच पटेल. हायडन चालू होता, कस्तुर चालू होता. वादकांनी आवाज चढवला नाही, लोकांनी दाराकडे वळून पाहिलं नाही. पहिल्या व्हायोलिनने एक ओळ संपवून श्वासाएवढी जागा सोडली आणि त्या जागेत पक्ष्याचा स्वर येऊन बसला. ठरवून असं कधी होत नाही. पण दार बंद असतं तर झालंच नसतं.

याच सभागृहात २९ ऑगस्ट १९५२ च्या रात्री डेव्हिड ट्यूडर हा पियानोवादक वाद्यासमोर येऊन बसला, त्याने पियानोचं झाकण मिटलं आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत राहिला. जॉन केजची '४ मिनिटे ३३ सेकंद' ही रचना पहिल्यांदा वाजत होती, म्हणजे वाजत नव्हती. तिचे तीन भाग होते. भाग संपला की ट्यूडर झाकण उघडी आणि पुढचा सुरू झाला की मिटी. पियानोची एकही पट्टी दाबली गेली नाही. केजने पुढे सांगितलं की पहिल्या भागात बाहेर वारा हलत होता, दुसऱ्या भागात छपरावर पावसाचे थेंब वाजू लागले आणि तिसऱ्या भागात खुद्द लोकच कुजबुजत, उठून जात, नाना आवाज करत होते. पुष्कळ जण संतापले. आपली फसवणूक झाली असं त्यांना वाटलं. त्या संतापाबद्दल मला राग नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला काहीतरी मिळायला हवं असतं. पण ही रचना याच सभागृहात पहिल्यांदा व्हावी हे मला फार योग्य वाटतं. जाड भिंतींच्या, वातानुकूलित सभागृहात त्या रात्री लोकांना एकमेकांचं खोकणंच ऐकू आलं असतं. इथे त्यांच्या वाट्याला वारा आला, पाऊस आला. शेजाऱ्यांनी बांधलेल्या छपराने आपला भाग चोख वाजवला.

केजच्या या ऐकण्यामागे आपल्याकडचीही एक शिकवण आहे. १९४० च्या दशकात अहमदाबादच्या गीता साराभाई पाश्चात्त्य संगीत शिकायला न्यूयॉर्कला गेल्या. त्या पखवाज वाजवत. केजने त्यांच्याकडून फी घेतली नाही. त्याबदल्यात त्यांनी त्याला भारतीय संगीत शिकवावं असं ठरलं. संगीत कशासाठी, असं त्याने त्यांना विचारलं. मन निवळावं, शांत व्हावं, म्हणजे त्याला ईश्वरी स्पर्शासाठी वाट मोकळी होते, असं आपल्या गुरूंचं सांगणं त्यांनी त्याला सांगितलं. केज हे उत्तर आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आपल्या गुरुकुलांत तंबोरा छेडत तासन् तास नुसतं बसवलेल्या शिष्यांना हे वेगळं सांगावं लागत नसे. जवारी लागली आहे का, षड्ज भरतो आहे का, हे कळण्याआधी मनातला कोलाहल खाली बसावा लागतो. ऐकणाऱ्यालाही तेवढीच तयारी लागते. म्हणूनच आपल्याकडे कानसेन हा तानसेनाइतकाच मानाचा शब्द ठरला.

मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसात संगीतसभा होते, ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ. १९३७ साली खाँसाहेब गेले, त्यांची कबर तिथेच आहे. दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली लोक बसतात, गवई गातात. वर पाखरं, बाजूला उरुसाची गर्दी, आणि यातून किराणा घराण्याचा तो एकेका स्वराला गोंजारणारा आलाप वाट काढतो. उघड्यावर बसणाऱ्याला गोंगाटातून सूर निवडून घ्यावा लागतो. असा निवडून घेतलेला सूर त्याच्या स्वतःच्या कष्टाचा असतो, म्हणून तो टिकतो. मॅव्हरिकच्या बाकावर बसून मला मिरज आठवली ती याच कारणासाठी.

हर्वी व्हाइट १९४४ साली गेला. त्याचे ते मोठे उत्सव १९३१ मध्येच थांबले होते. हजारोंनी गर्दी लोटू लागली, दंगामस्ती वाढली आणि आवरणं कठीण झालं. टिकली ती लहान गोष्ट, शेजाऱ्यांची रविवारची मैफल. मोठ्या महोत्सवांचं मोल मी कमी मानत नाही. पण महोत्सवाला श्रोते जमवावे लागतात, आणि लहान सभागृहात ते वर्षानुवर्षं घडतात. तिथे वादकाला समोरच्याचा चेहरा दिसतो, श्रोत्याला वादकाच्या बोटावरचा घट्टा दिसतो. मध्यंतरात दोघं एकाच झाडाखाली पाणी पितात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भेटायचं आहे हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून आजचं वाजवणं आणि आजचं ऐकणं दोन्ही जबाबदारीने होतं.

आपल्या तालुक्यांच्या गावी आता नवी नाट्यगृहं होत आहेत. गुबगुबीत खुर्च्या, भिंतींना ध्वनिशोषक पट्ट्या, कानठळ्या बसवणारे स्पीकर. सोयी हव्यातच, मी त्यांच्या विरोधात नाही. पण ती बांधताना एका भिंतीला मोठी दारं ठेवावीत, आणि दारापलीकडे चार झाडं. चैत्र-वैशाखातल्या काही संध्याकाळी वातानुकूलन बंद करून ती दारं उघडावीत, माइक बाजूला ठेवावा आणि गावातल्याच कुणा शिकणाऱ्या मुलीला पूरिया-धनाश्री गायला बसवावं. जत्रेचा भोंगा वाजेल, रस्त्यावरून ट्रॅक्टर जाईल, कुणाचं तरी पोर रडेल. ती गातच राहील. पन्नास माणसं आली तरी पुरे. पुढच्या वर्षी त्यातली चाळीस पुन्हा येतील आणि दहा नवी येतील. मॅव्हरिकची शंभराहून अधिक वर्षं अशीच उन्हाळ्यामागून उन्हाळा जोडत झाली आहेत. त्यासाठी धनिक लागत नाही. लाकूड आणून देणारे, खिळे ठोकणारे आणि मग खाली बसून मनापासून ऐकणारे शेजारी लागतात, आणि ते आपल्या प्रत्येक गावात आहेत.