देवकुंडाची वाट

पुणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर सह्याद्रीचा माथा इतका अरुंद आहे, की तेथे पडलेल्या पावसाचे भवितव्य चार पावलांच्या अंतराने बदलते. पूर्वेकडे वळलेले पाणी मुळेला मिळते आणि भीमा व कृष्णा यांच्या संगतीने अर्धा भारत ओलांडून बंगालच्या उपसागरास पोहोचते. पश्चिमेकडे वळलेले पाणी मात्र कड्यावरून उडी घेऊन थोड्याच प्रवासात अरबी समुद्र गाठते. या पश्चिम उताराच्या पायथ्याशी, माणगाव तालुक्यातील भिरा गावाजवळ, देवकुंड नावाचा धबधबा आहे. कुंडलिका नदीचा उगम येथेच, असे तिकडील लोक मानतात.

मार्गशीर्षातील एका रविवारी आम्ही चौघे मित्र देवकुंडास जाण्यासाठी पुण्याहून पहाटेच निघालो. आमच्यात एक स्थापत्य-अभियंता होता आणि एक वनस्पतिशास्त्राचा अध्यापक. उरलेले आम्ही दोघे केवळ पायांच्या आणि डोळ्यांच्या बळावर आलेले. रस्ता बराच वेळ मुळशीच्या विस्तीर्ण जलाशयाच्या काठाने जातो. पाण्यावर धुके तरंगत होते आणि पलीकडचे डोंगर अर्धेच दिसत होते. पुढे ताम्हिणी घाट लागतो. पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर अवघ्या काही कोसांवरील या घाटात काही वर्षी सहा हजार मिलिमीटरांहूनही अधिक पडतो. दरीतील गर्द झाडी पाहताच हा फरक ध्यानी येतो.

भिऱ्यास गावातील एक वाटाड्या सोबत घेतला. पन्नाशीचे, सडसडीत बांध्याचे ते गृहस्थ. आम्ही त्यांना ‘मामा’ म्हणू लागलो. धबधब्यापर्यंत सुमारे दोन तासांची वाट. आरंभी ती भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेने सपाटीवरून जाते. नंतर रान दाट होते, ऐन आणि किंजळ यांची सावली पडते, आणि पायाखाली दगडगोटे येऊ लागतात. अध्यापक मित्र दर दहा पावलांवर थांबून एखादे पान हाती घेई आणि आम्हांस तेवढीच विश्रांती मिळे.

वाटेत एक ओढा ओलांडावा लागतो. त्या दिवशी पाणी घोट्याच्या वर नव्हते. मामा मात्र मध्येच थांबून काठावरच्या झाडाकडे बोट दाखवीत म्हणाले, “साहेब, आषाढात पाणी त्या फांदीला लागतं. वर डोंगरात पाऊस झाला, की इथं ऊन असलं तरी लोंढा येतो. पलीकडं गेलेला माणूस मग पलीकडंच राहतो.” पावसाळ्यात येथे दुर्घटना घडल्या आहेत, आणि म्हणूनच प्रशासन त्या दिवसांत इकडे येण्यास बंदी घालते. धबधबा पाहावयाचा तो भर पावसात, अशी आपली समजूत असते. देवकुंडाच्या बाबतीत ती सोडून द्यावी. पाऊस ओसरल्यावर, हिवाळ्याच्या आरंभी, येथे पाणीही असते आणि वाटही.

रान एकाएकी संपते आणि तीन बाजूंनी उभे राहिलेले काळे कातळ समोर येतात. मधल्या फटीतून पाण्याची धार सरळ खाली कोसळते. खाली हिरव्यानिळ्या पाण्याचे गोल कुंड आहे. हे कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. कठीण थर टिकतो, त्याखालचा मऊ थर झिजतो, आणि पडणारे पाणी आपल्याच बळाने आपले कुंड खोदीत राहते. कोणी कुंडात उतरू नये, असे मामांनी बजावले होते. आम्ही काठावरच बसून तुषार अंगावर घेतले. बोलणे ऐकू येत नव्हते. त्यामुळे कोणी बोललेही नाही.

थोडे मागे येऊन एका खडकावर शिदोऱ्या सोडल्या. भाकरी, पिठले, ठेचा आणि ओढ्याच्या पाण्यात गार केलेले ताक. जेवताना अभियंता मित्राने एक गोष्ट सांगितली. याच डोंगरावरून आणखी एक धबधबा कोसळतो, पण तो दिसत नाही. मुळशीचे जे पाणी आम्ही सकाळी पाहिले, ते स्वाभाविकपणे पूर्वेकडे जावयाचे. ते बोगद्यातून पश्चिमेस वळवून, प्रचंड नळांतून खाली आणून, भिऱ्याच्या वीजगृहात सोडले जाते. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) यांच्यामागून टाटांनी उभारलेले हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना आणि घरांना सह्याद्रीने जो प्रकाश दिला, त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे.

“आणि सकाळी आपण पाहिले त्या पाण्याखाली काय आहे?” अध्यापक मित्राने विचारले. उत्तर आम्हां सर्वांस ठाऊक होते. तेथे मावळ्यांची गावे होती, भाताची खाचरे होती. ती वाचविण्यासाठी १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी या लढ्यातूनच लाभली. तीन वर्षे शेतकऱ्यांनी, त्यांत स्त्रियांनीही, मार खाल्ला आणि तुरुंगवास सोसला. अखेर धरण झालेच. वीज नको होती असे आज कोण म्हणेल? परंतु दिवा लावणाऱ्या हाताला त्या खाचरांची आठवण नसावी, हेही बरे नव्हे. मामांनी एवढेच म्हटले, “आमच्या आजीचं माहेर आहे त्या पाण्यात.” मग त्यांनी डबे आवरावयास घेतले.

उतरत्या उन्हात परत फिरलो. वाटेच्या अखेरीस डोंगरावरून उतरणारे लोखंडी नळ स्पष्ट दिसले. सकाळी त्यांच्याकडे आमचे लक्षही गेले नव्हते. एक पाणी आपल्या मर्जीने आलेले, दुसरे माणसाने आणलेले. भिऱ्याच्या खाली दोन्ही एकत्र होतात आणि कुंडलिका होऊन वाहू लागतात. कोलाडजवळ याच सोडलेल्या पाण्यावर उन्हाळ्यातही तरुण मंडळी रबरी नावा हाकतात. पुढे रोह्यावरून जाऊन रेवदंड्यापाशी नदी समुद्रास मिळते. तेथे पोहोचेपर्यंत कोणते पाणी देवकुंडाचे आणि कोणते मुळशीचे, हे सांगता येत नाही. ते ज्याचे त्याने वर जाऊन, पायी चालून, पाहून यावे.