अस्सल बरहुकूम

माणसाने घडविलेल्या यंत्रांपैकी काही त्याचे श्रम वाचवितात, काही त्याचा वेळ वाचवितात, आणि काही थोडी अशी असतात की जी वस्तू त्याच्याजवळ नाही, इतकेच नव्हे तर त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेलीही नाही, तिचा भोगवटा ती त्याच्या नावे लावून देतात. इलेक्ट्रिक गिटार वाजविणारी मंडळी जिला ‘मॉडेलर’ म्हणतात ती पेटी या तिसऱ्या वर्गातली. दोन हातांत सहज मावेल एवढ्या तिच्या देहात साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे लंडनचे आणि कॅलिफोर्नियाचे नामांकित अँप्लिफायर गणिताच्या रूपाने वास करून असतात, आणि पायाने एक खटका दाबताच त्यांतला हवा तो हजर होतो. मल्लिनाथाच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू आणि वसमतच्या बाजारात हळद नेणाऱ्या गाड्या यांच्या नित्याच्या रहदारीतूनच, औंढा नागनाथ तालुक्यातल्या आमच्या शिरड शहापूरला अशी एक पेटी माझ्या पुतण्याच्या पाठीवरच्या पिशवीतून आली, आणि आल्या दिवसापासून त्याची एकच कैफियत चालू आहे: “काका, सगळं हाय यात, पण टोन निघंना.”

पुतण्या लग्नकार्यांत आणि जयंतीच्या कार्यक्रमांत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवितो. मी हयात महसुलाच्या दप्तरात नकला करण्यात घालविली. सुरांतले माझे ज्ञान श्रोत्याचे, त्यापलीकडे नाही. परंतु नक्कल म्हणजे काय, ती कोणत्या गुणावर ग्राह्य धरली जाते आणि कोणत्या वैगुण्यावर फेटाळली जाते, हा प्रांत माझा आहे, आणि तेवढ्याच अधिकारावर मी या प्रकरणात पडलो. १९५४ सालच्या खासरा पत्रकाची नक्कल मागावयास कोणी आला, तर उतारा लिहून झाल्यावर जीर्ण मूळ कागद समोर ठेवून त्याच्याशी अक्षरन् अक्षर रुजुवात घालावी लागे, आणि ती पुरी झाल्यावाचून खाली ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ हा शेरा लिहिण्याची कोणाही कारकुनाची प्राज्ञा नव्हती. पुतण्याच्या पेटीच्या पडद्यावर ज्या अँप्लिफायरांची चित्रे झळकतात, ती पाहून मला पहिला प्रश्न सुचला तो हाच, की यांचे मूळ कागद कोठे आहेत.

तेव्हा मुळाकडे जाणे प्राप्त झाले. विद्युत् गिटारीच्या तारेखाली चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की त्या वेटोळ्यात अत्यंत क्षीण प्रवाह उमटतो, आणि हा प्रवाह मोठा करण्याचे काम पूर्वी काचेचे व्हॉल्व्ह करीत. व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीबाहेर राबविले की तो ध्वनितरंगाचा माथा हळूहळू चेपू लागतो, मुळात नसलेले किंवा नाममात्र असलेले उपस्वर त्यात मिसळतात, आणि स्वर भरडा, दाट, काहीसा करवादलेला होतो. अभियंत्यांच्या लेखी हा ‘डिस्टॉर्शन’ नावाचा उघड दोष. वादकांनी मात्र तोच दोष उचलून धरला, आणि मग त्या दोषासाठीच अँप्लिफायर विकत घेतले जाऊ लागले.

दोषाला असा मान देणे आपल्याकडच्या कानाला परके नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसीने इतका सूक्ष्म उतार देऊन घासतात की तार तिला धड टेकतही नाही आणि सुटतही नाही. वर तारेखाली सुताचा एक धागा सरकवून जवारी खुलवितात, तेव्हा कोठे तो गुंजारव निर्माण होतो, ज्याच्यावाचून आपल्या गवयाला षड्जाची खात्री वाटत नाही. स्वच्छ तारस्वराच्या दृष्टीने पाहू गेल्यास ती खरखरच होय. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना कलकत्त्यात या खरखरीचे इतके कुतूहल वाटले की १९२१ साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर लेख लिहून असे दाखविले, की तार ज्या बिंदूवर छेडली असता विशिष्ट उपस्वर शास्त्रनियमाप्रमाणे उमटूच नयेत, त्या बिंदूवर छेडूनही तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीमुळे ते उमटतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनाची मोहोर मिळाली, हा त्या खरखरीचाच सरकारी गौरव म्हणावयास हरकत नाही.

जवारीची येथे आठवण करण्याचे कारण केवळ साम्य नव्हे. जवारी लावणारा कारागीर गायकाची पट्टी विचारतो. काळी एकवाला आहे की पांढरी चारवाला, हे समजल्यावाचून तो कानसीला हात घालीत नाही. अमक्या घराण्यातल्या अमक्या तंबोऱ्यासारखीच जवारी हवी, असा हट्ट धरणारा गिऱ्हाईक त्याच्याकडे क्वचित येत असेल. पुतण्याचा हट्ट मात्र नेमका तसा होता. अमक्या इंग्रज वादकाच्या अमक्या ध्वनिमुद्रिकेतला आवाज हुबेहूब निघावा, म्हणून तो रात्र रात्र हेडफोन लावून खुंट्या पिळीत बसे.

आणि ज्याला तो अस्सल समजत होता त्याची वंशावळ काय निघाली? लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. तेथे १९६२ साली जो पहिला मार्शल अँप्लिफायर तयार झाला, तो अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ची बहुतांशी सही सही नक्कल होता. दहा इंची चार जेन्सेन स्पीकरांच्या जागी वेगळ्या खोक्यात बारा इंची चार सेलेशन स्पीकर आले, काही सुटे भाग इंग्लंडात मिळत होते ते बसविले गेले, आणि एवढ्या फेरफारावर एक नवा, उग्र, जगभर नावाजलेला आवाज जन्माला आला. म्हणजे ज्याच्या नकलेसाठी शिरड शहापूरच्या माळवदाखाली आमचा पुतण्या डोळे तांबडे करीत होता, तो स्वतःच फेरफाराच्या नोंदीवर हक्क सांगणारा वारस निघाला. मला तर हे वाचून मोठे समाधान वाटले. पुतण्याला ते विशेष रुचले नाही.

मॉडेलरचा पुढचा इतिहास अल्पावधीचा आहे. लाइन सिक्स या कंपनीने १९९६ साली असा नकला करणारा अँप्लिफायर काढला आणि १९९८ साली ‘पॉड’ नावाची तांबडी घेवड्याच्या आकाराची पेटी; २००६ साली फ्रॅक्टलची ‘अ‍ॅक्स-एफएक्स’ आली, आणि २०११ साली जर्मनीतल्या केम्पर यांच्या यंत्राने रीतच बदलली. आधीची यंत्रे अँप्लिफायरच्या मंडलातला एकेक भाग गणिताने मांडीत. केम्परचे यंत्र खऱ्या अँप्लिफायरमध्ये नाना तऱ्हेचे ध्वनी सोडून तो काय उत्तर देतो याची जबानी घेते आणि तिच्यावरून त्याची प्रतिमा सिद्ध करते. आता तर संगणकाला शिकवून ही जबानी घेतली जाते. नक्कल करण्याच्या कसबात या यंत्रांनी इतकी मजल मारली आहे की अस्सल आणि नक्कल पडद्याआड वाजविली असता भलेभले फसतात.

पण पडद्याआड वाजवावयाला अस्सल असावे तर लागते. आमच्या तालुक्यात व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कोणी पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि तो येथे का नाही हेही उघड आहे. व्हॉक्स कंपनीचा ‘एसी-थर्टी’ अँप्लिफायर तीस किलोंच्या आसपास वजनाचा. त्यात काचेची नाजूक भांडी, आणि शेतीपंप सुरू झाले की दिवे मंद होतात अशी आमची वीज. त्यामुळे येथला वादक जे अस्सल म्हणून कानांत साठवितो, तो आवाज असतो ध्वनिमुद्रिकेतला, म्हणजे स्पीकरपुढे मायक्रोफोन ठेवून, कोणा दूरच्या तंत्रज्ञाने त्याची कड तासून, इतर वाद्यांत बसवून दिलेला. मूळ कागद समोर नसताना नकलेची तसदीक कोण करणार? रुजुवात घालावयाचीच असेल तर ती ज्या मांडवात वाजवावयाचे त्या मांडवाशी, शेजारच्या ढोलकीशी आणि गाणाऱ्याच्या गळ्याशीच घालावी लागेल. हे एवढे मला पुतण्याला सांगावयाचे होते, आणि ते सांगताना पेटीच्या अंतरंगात मलाही शिरावे लागले.

पहिला घोटाळा स्पीकरचा होता. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्‌झच्या पुढचे स्वर जवळजवळ गिळून टाकतो, आणि त्याच्या या संकुचितपणामुळेच डिस्टॉर्शनची करवत कानाला सुसह्य होते. ऑर्केस्ट्राचे स्पीकर तसे नसतात. ते वरपर्यंत सगळे प्रामाणिकपणे वाजवितात. स्पीकरच्या खोक्याची नक्कल मॉडेलरमध्ये बंद राहिली आणि पिन सरळ मिक्सरला गेली, म्हणजे गिटारच्या जागी गांधीलमाश्यांचे मोहोळ उठते. ती नक्कल, जिला ही मंडळी ‘आयआर’ म्हणतात, चालू केली, वरचा भाग पाच-सहा हजारांवर आणि खालचा ऐंशी-शंभरांवर छाटून टाकला, आणि पुतण्याच्या तक्रारीतला निम्मा मुद्दा निकालात निघाला. गिटारीची सगळ्यांत जाड तार मोकळी वाजली तरी ब्याऐंशी हर्ट्‌झच्या खाली जात नाही. त्याखालची जी घुमघुम असते ती जागा बासची आणि ढोलकीच्या धुमाची आहे, तेथे गिटारने अतिक्रमण करू नये.

दुसरा घोटाळा आमच्या कानांचा. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून ठेविले आहे की आवाज लहान असताना कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, टिपेचे स्वरही फिके वाटतात, आणि आवाज वाढत जाईल तशी ही तफावत मिटत जाते. रात्री घर निजल्यावर हेडफोनवर हळू आवाजात लावलेला टोन म्हणूनच फसवा: वादक गोडीसाठी खालचे आणि वरचे वाढवीत जातो, मधले उतरवीत जातो, आणि तोच टोन मांडवात मोठा केला की खाली घुमतो, वर चिरतो, आणि मधे, जेथे गिटारीचा खरा मुलूख आहे, तेथे उजाड रान. ऑक्टोपॅड, की-बोर्ड आणि दोन गायक एकदम सुरू झाले की असा गिटारवाला दिसतो पण ऐकू येत नाही. ज्या तालुक्यात नामदेवांच्या कीर्तनासाठी नागनाथाच्या देवळाने तोंड फिरविल्याची कथा सांगतात, तेथल्या माणसाला तरी, ऐकणारा कोणीकडे बसला आहे हे प्रथम पाहावे, असे निराळे सांगावयास नको.

गेनचेही, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा ठरविणाऱ्या खुंटीचेही, तेच. एकट्याने वाजविताना जेवढी करवत रुचते, तिच्या निम्म्याने मांडवात काम भागते. उरलेले उजव्या हाताच्या जोरावर आणि गिटारीच्याच आवाजाच्या खुंटीवर सोडावे. मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली स्वर आपणहून घुमत असताना वर यंत्रातला घुमारा चढविणे म्हणजे केवळ चिखल. आणि शांततेत जी गुणगुण येते, तिला यंत्रातला ‘नॉइज गेट’ लावून दडपण्यापूर्वी वीजजोडणीची अर्थिंग तपासावी: जमिनीत मीठ-कोळशाचा खड्डा आहे की तारेचे टोक नुसतेच भिंतीत खुपसले आहे? पन्नास हर्ट्‌झची ती भुणभुण पुष्कळदा वादकाच्या पदरी विनाकारण घातली जाते. आमच्याकडे मांडवाच्या विजेची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न जमाबंदीच्या जुन्या तंट्यांइतकाच चिवट आहे, म्हणून तो येथे सोडून देतो.

कारखान्याने पेटीत भरून पाठविलेले शेकडो तयार आवाज हा एक निराळाच अडसर. ते वाजवून पाहण्यातच नव्या वादकाचे आयुष्य सरते, आणि ते बहुधा एकट्याने ऐकून भुलावे अशा बेताने सजविलेले असतात. पुतण्याने शेवटी एक अँप्लिफायर, एक खोके आणि पावसाच्या गाण्यांसाठी थोडा ‘डिले’, म्हणजे प्रतिध्वनी, एवढेच ठेवले. त्या पडद्यावर आता कोणत्या कंपनीचे चित्र आहे हे मी त्याला विचारलेले नाही. जयंतीच्या कार्यक्रमात ढोलकीवाला त्याच्याकडे वळून मान हलवू लागला, म्हणजे तसदीक झाली असे मी धरून चालतो.

ज्यांच्या घरी असे एखादे गिटारवाले पोर असेल त्यांना माझी एक अर्जी आहे. सर्वांची झोप राखावी म्हणून आपण त्याला हेडफोन घालून कोपऱ्यात बसवितो, आणि मग चारचौघांत त्याचा आवाज कानाला बोचतो म्हणून त्यालाच दोष देतो. ध्वनिवर्धकाला बंदी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची आहे. दिवसा, शेजाऱ्यांना आधी सांगून, त्याला घटकाभर मोठ्या स्पीकरवर, ढोलकीवाला सोबतीला देऊन, मोकळ्या आवाजात वाजवू द्यावे.